किरुना: खाणीवर बसलेलं गाव आणि त्याची मतं

किरुनात पहिल्या रात्री मी दचकून उठलो होतो. दीड वाजला असेल, पलंग थोडासा हलला, खिडकीची काच खुळखुळली, खोल कुठेतरी जड दार आपटल्यासारखा आवाज आला आणि मग परत सगळं गपगार. सकाळी नाश्त्याच्या वेळी विचारलं तर समोरची बाई म्हणाली, काही नाही, खाण आहे ती, रोज रात्री सुरुंग लावतात. आणि कॉफी ओतायला लागली. विषय संपला.

तर हे किरुना म्हणजे स्वीडनचं अगदी उत्तरेकडचं टोक, आर्क्टिक सर्कलच्याही बरंच वर. मी स्वीडनच्या निवडणुकांबद्दल कुणाला काही सांगायला बसलो की लोकांना स्टॉकहोमच्या संसदेची गोष्ट हवी असते, कोण पंतप्रधान, कुठली आघाडी वगैरे. मला विचाराल तर किरुनापासून सुरुवात करावी, कारण तिथे नकाशा नीट बघितला की लोक कुणाला मत देतात आणि का देतात हे बरंचसं आपोआप कळतं. जमिनीखालचं लोखंड, दोन गावांमधलं अंतर आणि रेनडिअरच्या वाटा, या तीन गोष्टी धरून ठेवा, बाकी सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

आधी कम्यून म्हणजे काय ते. स्वीडनमध्ये २९० कम्यून आहेत, आपल्याकडची नगरपालिका म्हणा, पण फरक असा की देशातली इंच न इंच जमीन कुठल्या ना कुठल्या कम्यूनमध्ये येते, जंगल डोंगर तळी सगळं. शहराची वेगळी, गावाची वेगळी असा प्रकार नाही. शाळा, म्हाताऱ्यांची देखभाल, पाणी, रस्त्यावरचा बर्फ काढणं, कुठे काय बांधायचं याची परवानगी, हे सगळं कम्यून बघतं. दवाखाने आणि बस हे रीजनकडे, म्हणजे साधारण आपल्या झेडपीसारखं, असे २१ रीजन. आणि वर संसद, तिला रिक्सदाग म्हणतात, ३४९ जागा.

आता किरुना कम्यूनचा आकार ऐका. साडेवीस हजार चौरस किलोमीटर. गोव्याची साडेपाच राज्यं त्यात मावतील. स्वीडनमधलं सर्वात मोठं कम्यून. आणि एवढ्या जागेत माणसं किती, तर बावीस-तेवीस हजार, म्हणजे आपल्याकडच्या एका मध्यम तालुक्याच्या गावाइतकी. चौरस किलोमीटरला साधारण एक माणूस पडतो, आणि तो एक माणूससुद्धा बहुतेक किरुना गावातच राहतो, कारण बाकीचा सगळा भाग मोकळा आहे.

पश्चिमेला नॉर्वेच्या सीमेवर डोंगर. त्यात केबनेकायसे, स्वीडनमधलं सर्वात उंच शिखर, साधारण २१०० मीटर. याची एक मजा आहे, या डोंगराला दोन टोकं, दक्षिणेचं टोक बर्फाचं आणि उत्तरेचं खडकाचं, पिढ्यान् पिढ्या शाळेत मुलांना दक्षिण टोक सर्वात उंच म्हणून शिकवलं, आणि मग बर्फ वितळत वितळत २०१९ मध्ये ते उत्तर टोकापेक्षा खाली गेलं, त्यामुळे आता जुन्या पुस्तकातलं उत्तर चुकीचं. डोंगरांच्या उत्तरेला तोर्नेत्रेस्क नावाचं सत्तर किलोमीटर लांब तळं, त्याच्या काठावर आबिस्को, जिथे १९०९ पासून नॅशनल पार्क आहे आणि जिथे नॉर्दर्न लाइट्स बघायला आता भारतातूनही बरेच लोक येतात. पूर्वेकडे डोंगर संपतात आणि मग पाइन, बर्च, दलदल, परत पाइन, परत दलदल, तोर्ने नदीच्या काठाने छोटी छोटी गावं, असं करत करत फिनलंडची सीमा. अगदी वर जिथे स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड एकत्र येतात तिथे तळ्यात काँक्रीटचा एक पिवळा गोल ठोकळा आहे, त्याच्याभोवती फिरलं की तीन देश होतात. डिसेंबरात तीनेक आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही आणि उन्हाळ्यात मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत मावळतच नाही.

अंतरं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. किरुना गावापासून फिनलंडच्या सीमेवरच्या कारेसुआंदोला साधारण १८० किलोमीटर, तेही याच कम्यूनमध्ये. आबिस्को ९५ किलोमीटर. किरुना ज्या नॉर्बोत्तेन जिल्ह्यात येतं त्याचं मुख्य गाव लुलेओ साडेतीनशेच्या जवळपास. स्टॉकहोम बाराशेच्या वर, रात्रीच्या ट्रेनने गेलं तर पंधरा-सोळा तास सहज. आणि नॉर्वेला जायला रस्ता कधी झाला, तर १९८४ मध्ये! तोपर्यंत फक्त रेल्वे.

ती रेल्वे का आली, तर लोखंडासाठी. किरुनावारा आणि लुओसावारा हे दोन डोंगर लोखंडाचे आहेत हे लोकांना खूप आधीपासून माहीत होतं, पण त्या खनिजात फॉस्फरस जास्त, त्याने पोलाद ठिसूळ होतं, त्यामुळे कुणी हात लावत नव्हतं. १८७८ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये फॉस्फरस काढून टाकायची थॉमस पद्धत निघाली आणि रातोरात या डोंगरांना किंमत आली. १८९० मध्ये कंपनी निघाली, एलकेएबी, यातले एल आणि के म्हणजे हेच दोन डोंगर. माल न्यायचा कुठून? लुलेओचं बंदर हिवाळ्यात गोठतं, नॉर्वेचं नार्विक मात्र समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे गोठत नाही, म्हणून डोंगर फोडून नार्विकपर्यंत रूळ टाकले, १९०३ मध्ये राजाच्या हस्ते उद्घाटन. गाव वसवलं १९०० मध्ये. त्याआधी तिथे गाव म्हणावं असं काहीच नव्हतं, सामी लोकांच्या, म्हणजे उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या, रेनडिअर चरायच्या जागा होत्या. किरुना हे नावसुद्धा सामी भाषेतल्या एका पांढऱ्या पक्ष्याच्या नावावरून आलंय.

कंपनीचा पहिला मॅनेजर यालमार लुंदबोम, मूळचा जिऑलॉजिस्ट. त्याच्या डोक्यात आदर्श गाव करायचं होतं. वारा अडावा म्हणून रस्ते मुद्दाम वळणावळणाचे काढले, कामगारांना चांगली लाकडी घरं दिली, चित्रकार बोलावले, आणि १९१२ मध्ये लाल रंगाचं मोठं लाकडी चर्च उभं केलं, सामी झोपडीसारख्या आकाराचं. हे सगळं छानच आहे, पण विचार करा, घर कंपनीचं, नोकरी कंपनीची, चर्चसुद्धा कंपनीने बांधून दिलेलं. मग मत कुणाचं?

हा प्रश्न नुसता बोलायला नाही बरं का. तेव्हाच्या स्वीडनमध्ये गावच्या निवडणुकीत एक माणूस एक मत नव्हतंच. जेवढा कर भराल तेवढी मतं. आणि कंपन्यांनासुद्धा मत! १८७१ मध्ये देशातल्या ५४ ग्रामीण कम्यूनमध्ये एकट्या एका मतदाराकडे निम्म्याहून जास्त मतं होती, म्हणजे त्याने घरून निघून हात वर केला की निवडणूक झाली. १९०७-०९ च्या सुधारणेत ही मतं माणशी जास्तीत जास्त चाळीसवर आणली, तरी चाळीस म्हणजे चाळीसच. शेवटी १९१८ मध्ये, शेजारी फिनलंडमध्ये यादवी युद्ध, जर्मनीत क्रांती, सगळीकडे वारं बदललेलं बघून स्टॉकहोमच्या उजव्या मंडळींनी मान तुकवली आणि पैशांवर मोजायची मतं गेली. १९२१ मध्ये बायकांनीही संसदेसाठी पहिल्यांदा मत दिलं. डेमोक्रसीचं माहेरघर म्हणून जो देश आपण ओळखतो तिथे हे झाल्याला अजून फार काळ लोटला नाहीये, हे मला नेहमी गमतीशीर वाटतं.

मतदान बरोबरीचं झालं आणि किरुना लाल झालं. लाल म्हणजे सोशल डेमोक्रॅट तर आलेच, कारण खाणकामगारांची युनियन आणि तो पक्ष हे एकाच घरातले, पण इथे त्यांच्या डावीकडचेही जोरात. १९१७ मध्ये सोशल डेमोक्रॅट पक्ष फुटला, डावा गट बाहेर पडला, १९२१ मध्ये तो कम्युनिस्ट पक्ष झाला, १९६७ मध्ये नावात डावा पक्ष जोडला आणि १९९० मध्ये कम्युनिस्ट शब्द काढून टाकला, आज तो नुसता डावा पक्ष. या पक्षाचा बालेकिल्ला म्हणजे नॉर्बोत्तेन जिल्हा, आणि त्यातल्या खाणींची गावं. का? एकतर खाणीचं काम, अंधार, थंडी, धूळ. दुसरं म्हणजे इथे सगळे बाहेरून आलेले, दक्षिणेकडचे मजूर, फिनिश बोलणारे, तोर्ने खोऱ्यातले, गावात जुने जमीनदार नाहीत, जुनी घराणी नाहीत, ज्यांच्याकडे बघून मत द्यावं असं कुणी नाही. तिसरं, मालक एकच. जिथे दहा मालक असतात तिथे राग वाटला जातो, इथे सगळ्यांचा राग एकाच दिशेला.

राग म्हणजे किती? १९०९ मध्ये देशभर मोठा संप झाला, तो हरल्यावर किरुनातले कित्येक कुटुंबकबिले ब्राझीलला निघून गेले. आर्क्टिकमधून थेट ब्राझीलच्या जंगलात! बऱ्याच जणांचे तिथे हालच झाले. आणि १९३० च्या दशकात उलट दिशेला, नॉर्बोत्तेनमधले शेकडो लोक सोव्हिएत युनियनमध्ये गेले, मुख्यतः फिनलंडला लागून असलेल्या कारेलियात, कामगारांचं राज्य बांधायला. त्यातले पुष्कळ जण स्टॅलिनच्या काळात पकडले गेले, काही परत आले, ते गप्प राहिले. यांना स्वीडनमध्ये आजही 'किरुना-स्वीडिश' म्हणतात. या गोष्टीवर गावात फार वर्षं कुणी बोलत नव्हतं, कारण बोललं तर पक्षाला बोल लागणार. एखाद्या घरात निम्मे सोशल डेमोक्रॅट आणि निम्मे कम्युनिस्ट असले की ख्रिसमसच्या जेवणाला काय होत असेल ते तुम्हीच बघा. १९४० मध्ये तर लुलेओत कम्युनिस्टांच्या पेपरच्या ऑफिसला आग लावून उडवलं, पाच माणसं गेली, त्यात दोन मुलं.

आता गंमत बघा. ज्या कंपनीविरुद्ध हे सगळं, ती हळूहळू सरकारचीच झाली. १९०७ मध्ये सरकारने निम्मे शेअर घेतले, १९५७ मध्ये जवळपास सगळे. म्हणजे आता खाण सरकारची, सरकार सोशल डेमोक्रॅट पक्षाचं, युनियन सोशल डेमोक्रॅट पक्षाची. कागदावर बघितलं तर कामगाराचंच राज्य की.

आणि मग ९ डिसेंबर १९६९. स्वापावारा म्हणून किरुनापासून पन्नासेक किलोमीटरवर खाणीचं गाव आहे, तिथे काही कामगार खाली बसले आणि म्हणाले आम्ही काम करत नाही. दोन-तीन दिवसांत ते किरुनात आणि मालमबेरिये या खाणीच्या गावातपण पसरलं, जवळजवळ पाच हजार माणसं संपावर. युनियनने संप पुकारलेला नव्हता, उलट युनियनच्या नेत्यांना कामगारांनी बाजूलाच सारलं, स्वतःची कमिटी निवडली आणि किरुनाच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये हजारोंच्या सभा. पगाराचा प्रश्न होताच, पण त्याहून जास्त चीड होती ती वागणुकीची, घड्याळ लावून मोजलेल्या कामाची, मॅनेजरांसाठी काढलेल्या ३१ नियमांच्या एका पत्रकाची. 'आम्ही मशीन नाही' अशी घोषणा होती. ओलोफ पाल्मे दोनच महिन्यांपूर्वी पंतप्रधान झालेले. त्यांची पार ओढाताण झाली असणार, कारण मालक म्हणून तेच, कामगारांचा पक्ष म्हणूनही तेच, म्हणजे टाळी दोन्ही हातांनी त्यांनीच वाजवायची. फेब्रुवारी १९७० च्या सुरुवातीला संप मिटला. १९६८ ला सोशल डेमोक्रॅट पक्षाला देशात निम्म्याहून थोडी जास्त, ५०.१ टक्के मतं होती, सप्टेंबर १९७० ला ती ४५.३ वर आली आणि पाल्मेंना संसदेत कम्युनिस्टांच्या १७ जागांवर अवलंबून राहायची वेळ आली. याला एकटं किरुना कारण असं मी म्हणणार नाही, पण दुधात मिठाचा खडा तिथूनच पडला. पुढे १९७६ मध्ये कामगारांना कंपनीच्या निर्णयात सहभाग देणारा कायदा आला, त्याच्यामागेही या हिवाळ्याची आठवण होती.

एवढं होऊनही किरुनात सोशल डेमोक्रॅट पडले का? नाही. संसदेसाठी पुढची कित्येक वर्षं तिथे त्यांना निम्म्याच्या आसपास मतं मिळत राहिली आणि डावा पक्षही देशाच्या सरासरीपेक्षा बराच वर. रागावले तरी माणसं डावीकडेच सरकायची, उजवीकडे जात नव्हती. नॉर्बोत्तेन आजही सोशल डेमोक्रॅटांचा सर्वात पक्का जिल्हा मानला जातो.

इथे जरा मत कसं देतात ते सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. संसद, रीजन आणि कम्यून, तिन्ही निवडणुका एकाच दिवशी, चार वर्षांनी, सप्टेंबरचा दुसरा रविवार. संसदेची चिठ्ठी पिवळी, रीजनची निळी, कम्यूनची पांढरी. मशीन वगैरे नाही. पडद्यामागे स्टँडवर प्रत्येक पक्षाच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे ठेवलेले असतात, हवी ती उचलायची, वाटलं तर एका नावापुढे फुली मारायची, पाकिटात घालायची, पाकीट बंद करून टेबलावरच्या माणसाला द्यायचं. मी भारतीय पासपोर्टवाला, पण इथे सलग तीन वर्षं नोंदणी असली की परदेशी माणसालाही कम्यून आणि रीजनसाठी मत देता येतं, १९७६ पासूनची सोय आहे ही. इथल्या आपल्या कितीतरी मराठी मंडळींना हे माहीतच नसतं, कार्ड पोस्टाने येतं आणि जाहिरातींबरोबर रद्दीत जातं. माझंही पहिलं असंच गेलं होतं, असो.

जागा वाटतात त्या मतांच्या प्रमाणात. संसदेसाठी पूर्ण नॉर्बोत्तेन जिल्हा हा एकच मतदारसंघ, त्यामुळे किरुनाचे बावीस हजार लोक जिल्ह्याच्या अडीच लाखांत विरघळून जातात. किरुनाचा स्वतःचा असा खासदार नसतो. देशात चार टक्क्यांची अट आहे, त्याखाली गेलात की संसदेत नाही, अपवाद फक्त एखाद्या मतदारसंघात बारा टक्के मिळवले तर. म्हणून संसदेसाठी लोक मोठ्या पक्षांनाच मत देतात. पण कम्यूनमध्ये अट दोन-तीन टक्क्यांची, तिथे पाचशे माणसं एकत्र आली तरी जागा निघू शकते, आणि तिथे किरुना एकदम वेगळं दिसायला लागतं. पिवळ्या चिठ्ठीवर एक पक्ष आणि पांढरीवर भलताच, हे तिथे अगदी नेहमीचं. किरुनापार्टी नावाचा फक्त त्याच गावाचा पक्ष होऊन गेला. सामी लोकांची सामेलिस्तान आहे. २०१८ मध्ये बरेच छोटे-मोठे पक्ष एकत्र आले आणि सेंटर पक्षाचे गुन्नार सेल्बेरी कम्यूनचे प्रमुख झाले, सोशल डेमोक्रॅटांच्या गावात. २०२२ मध्ये परत सोशल डेमोक्रॅट मॅट्स तावेनिकू.

निळ्या चिठ्ठीची गोष्ट तर अंतराचीच आहे. किरुनात दवाखाना आहे पण बाळंतपण तिथे होत नाही, त्यासाठी येलिवारेला जायचं, १२० किलोमीटर. जानेवारीत, उणे तीसमध्ये, काळोखात, रस्त्यावर रेनडिअर, आणि मागच्या सीटवर कळा येताहेत. अशा जिल्ह्यात दवाखान्याचाच एक पक्ष निघाला, खरंच, नाव नॉर्बोत्तेनचा आरोग्यसेवा पक्ष, आणि २०१८ मध्ये त्याने रीजनमधली सोशल डेमोक्रॅटांची कित्येक दशकांची सत्ता घालवली. तत्त्वज्ञान काही नाही, अॅम्ब्युलन्सला किती वेळ लागतो एवढंच. मला हा पक्ष कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा जास्त कळतो.

हेच अंतर युरोपच्या बाबतीतही. १९९४ मध्ये युरोपियन युनियनमध्ये जायचं की नाही यावर देशात ५२.३ टक्के लोक हो म्हणाले, उत्तरेने दणकून नाही म्हटलं. २००३ मध्ये युरो घ्यायचा का, तर सगळा देशच नाही म्हणाला, ५५.९ टक्के, आणि उत्तर त्यात आणखी पुढे. स्टॉकहोमच मुळात एवढं लांब वाटतं, तिथे ब्रुसेल्सची काय कथा.

सामी लोकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांचे रेनडिअर हिवाळ्यात जंगलात आणि उन्हाळ्यात डोंगरात असतात, मधल्या वाटा ठरलेल्या, आणि त्याच वाटांवर खाण, रेल्वे, रस्ते, पवनचक्क्या येतात. या लोकांसाठी चौथी निवडणूक आहे, सामी संसदेची. १९९३ मध्ये सुरू झाली, ३१ जागा, मुख्यालय किरुनातच, मतदान मे महिन्यात. मतदार यादीत नाव आपोआप येत नाही, मी सामी आहे असं स्वतः सांगावं लागतं आणि घरात, आईवडिलांच्या किंवा आजीआजोबांच्या घरात ती भाषा होती हे दाखवावं लागतं. नाव मोठं, अधिकार कमी. ती एकाच वेळी निवडून आलेली संस्था आणि सरकारी खातं आहे, त्यामुळे सरकारविरुद्ध बोलायचं तर सरकारच्याच लेटरहेडवर. बाकी सप्टेंबरमधली मुख्य निवडणूकही त्यांच्या गैरसोयीचीच, तेव्हा रेनडिअर गोळा करून कापायचा हंगाम असतो, आणि बाकीच्यांचा मूसच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचा. अठरा दिवस आधीपासून मत देता येतं म्हणून निभावतं.

आणि आता उजवीकडचं वारं. स्वीडन डेमोक्रॅट हा स्थलांतराला विरोध करणारा पक्ष २०१० मध्ये ५.७ टक्क्यांवर संसदेत आला आणि २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर पोहोचला. उत्तरेत तो दक्षिणेपेक्षा कमीच आहे पण खाणीच्या गावांतही वाढलाय, युनियनच्या माणसांतही. इथे मला स्थलांतरापेक्षा डिझेलचा भाव जास्त ऐकू आला, शिकारीचे नियम, आणि 'दक्षिणेकडचे लोक आमचं लोखंड, वीज, लाकूड नेतात आणि आम्हाला दवाखाना देत नाहीत' ही जुनीच तक्रार. आधी हा राग कम्युनिस्टांकडे जायचा. आता त्याला दोन दारं आहेत.

तक्रारीत तथ्यही आहे. स्वीडनमध्ये कंपनीच्या नफ्यावरचा कर पूर्ण केंद्राकडे जातो, कम्यूनला मिळतो तो फक्त तिथे राहणाऱ्या माणसांच्या पगारावरचा. म्हणजे खाणीत कितीही कमाई झाली तरी गावाच्या तिजोरीला कामगार गावात राहतो की विमानाने येऊन-जाऊन करतो याच्यावर जगावं लागतं. १९७० च्या दशकात इथे तीस हजारांवर लोक होते. आता ते वर सांगितलेले बावीस-तेवीस.

त्यात गावच हलवायचं आलं. लोखंडाचा थर गावाच्या बाजूला तिरका खाली खाली जातो, दोन किलोमीटरच्याही पुढे, आणि तो काढायची पद्धत अशी की खालून पोखरायचं आणि वरचा खडक कोसळू द्यायचा, त्यामुळे जमिनीवर भेगा पडत पडत गावाकडे येतात. २०२० च्या मे मध्ये खाणीमुळे ४.९ तीव्रतेचा धक्का बसला होता. २००४ मध्ये कंपनीने सांगितलं की गाव हलवावं लागेल, आणि मग तीनेक किलोमीटर पूर्वेला नवीन चौक, नवीन दुकानं, २०२२ मध्ये उद्घाटन. घरमालकाला दोन पर्याय, तसंच नवीन घर घ्या किंवा बाजारभाव अधिक पंचवीस टक्के. ऐकायला झकास. पण भाड्याने राहणाऱ्याला नव्या इमारतीत भाडं जास्त, छोट्या दुकानदाराला जागा परवडत नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं की अजून सहा हजार लोकांना हलावं लागणार. त्याच महिन्यात ते लाल चर्च, ६७२ टन, चाकांच्या गाडीवर चढवून दोन दिवसांत पाच किलोमीटर नेलं, माणूस चालतो त्याच्याहूनही हळू, रस्ता रुंद करून, राजा बघायला आलेला, टीव्हीवर लाइव्ह. पुढच्याच महिन्यात चर्चच्याही निवडणुका होत्या. हो, स्वीडनमध्ये चर्चच्याही निवडणुका असतात आणि त्यात सोशल डेमोक्रॅट उभे राहतात!

गाव हलवण्याच्या खर्चावरून कम्यून, कंपनी आणि सरकार यांची वर्षानुवर्षं खेचाखेच चाललीये, जमीन कुणी द्यायची, पाइपलाइनचे पैसे कुणी द्यायचे. कंपनी सरकारची, त्यामुळे कम्यूनला भांडायचं तर शेवटी स्टॉकहोमशीच. आणि २०२३ मध्ये खाणीशेजारीच दुर्मिळ खनिजांचा दहा लाख टनांहून मोठा साठा जाहीर झाला, तो नेमका गाब्ना सामी गटाच्या रेनडिअरच्या वाटेवर. युरोपला ती खनिजं इलेक्ट्रिक गाड्यांसाठी हवीत. किरुनात बहुतेक लोक खाणीच्या बाजूनेच आहेत, हे स्पष्ट सांगायला हवं, खाण नसेल तर तिथे राहायचं कशाला. सामेलिस्तानला मत देणारा आणि युनियनला वर्गणी भरणारा कधी कधी एकाच घरातला असतो.

जाता जाता, आपला एक धागा किरुनाशी आहे. चांद्रयान-१ वर सारा नावाचं जे उपकरण होतं ते किरुनाच्या अवकाश संशोधन संस्थेने इस्रोबरोबर मिळून बनवलं होतं. गावाबाहेर १९६६ पासून रॉकेट सोडायची जागा आहे, एसरेंज. एवढी रिकामी जागा युरोपात दुसरीकडे कुठे मिळणार, वर जाऊन पडलं तरी कुणाच्या डोक्यावर पडत नाही.

निघायच्या दिवशी मी नवीन नगरपालिकेत डोकावलो. गोल इमारत, नाव क्रिस्टालेन, बाहेर जुन्या इमारतीवरचं लोखंडी घड्याळाचं टॉवर आणून उभं केलंय. जुनी इमारत १९६३ ची, तिला गावाची बैठकीची खोली म्हणायचे, ती २०१९ मध्ये पाडली. तिच्या दरवाजांच्या मुठी मात्र काढून आणून नव्या दरवाजांना लावल्यात, बर्चचं लाकूड आणि रेनडिअरचं शिंग. बाहेर उणे चौदा होतं, हातमोजा काढून धरून बघितली, गार लागली नाही.